टाकीचं झाकण आणि माझी खबरदारी

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी आमच्या गाडीचा श्वास कोंडला. तेव्हा अर्थातच मला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा मी बाळाचा जीव वाचवत होते. (मी दिवसभर तेच करते. बाळ आठ महिन्यांचं आहे आणि आतापर्यंत मी त्याला पंख्यापासून, पडद्यापासून आणि एकदा त्याच्याच मोज्यापासून वाचवलेलं आहे. झोपलं तरी नाकाखाली बोट धरून बघते. त्यामुळे ते जागं होतं. पण श्वास चालू आहे हे तरी कळतं.)

झालं असं, आदल्या संध्याकाळी आमचे हे पेट्रोल भरून आले. पंपावरच्या नळीला अक्कल असते. टाकी भरली की ती खट् करून आपली आपण बंद होते. पण आपल्यापेक्षा शहाणी वस्तू आमच्या ह्यांना खपत नाही. "अजून मावतंय, घाला घाला," असं म्हणत हे टाकीच्या गळ्याशी पेट्रोल येईपर्यंत भरून घेतात. जेवतानाही ह्यांचं असंच असतं, पण तो विषय वेगळा.

सकाळी गाडीची काच पुसायला गेले तर पेट्रोलचा नुसता भपकारा! आणि नेमकं त्याच दिवशी त्याच गाडीतून बाळाला पाळणाघर दाखवायचं होतं. म्हणजे खरं तर पाळणाघराला बाळ दाखवायचं होतं. शिवणकामाच्या कारखान्यात माझं मशीन रिकामं पडलेलं, मालकांनी सोमवारपर्यंत वाट बघतो म्हटलेलं, आणि अख्ख्या भागातल्या एकुलत्या एका पाळणाघरात एकच जागा उरलेली. तिथल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, "अकराला या. अकरा म्हणजे अकरा. नाहीतर मी पुढच्या आईला बोलावते." जागा गेली की कामही गेलं, इतका सरळ हिशोब होता.

आता मला सांगा, प्रवासाला निघताना तेलाची बाटली कशी नेतात? झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालायचा आणि झाकण गच्च पिळायचं. थेंब सांडत नाही, वास येत नाही. माझी शाळा सातवीत सुटली, पण आईची ही शिकवण कधी सुटली नाही. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, आतल्या बाजूनं पिशवीचा दुहेरी तुकडा बसवला, वर रबरबँड ताणून लावलं आणि अंगातला सगळा जोर लावून झाकण फिरवलं. वास गायब! ह्यांना मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी टाकी या विषयावर भाषण दिलं असतं आणि उशीर झाला असता. (उशीर मी किती छान टाळला, ते आता येतंच आहे.)

निघालो. पुढे हे, शेजारी सासूबाई, मागे मी आणि बाळ. सासूबाईंचं काही काम नव्हतं, पण घरातलं कोणी कुठे निघालं की त्यांना एकदम मोकळी हवा लागते.

अर्ध्या वाटेवर मोठ्या पुलाच्या तोंडाशी गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

"पेट्रोल संपलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"काल गळ्यापर्यंत भरलंय, आई!"

"काटा तर खाली आहे."

"काटा आपण गाडी घेतली तेव्हापासून खालीच आहे."

"मग रात्री कोणीतरी चोरलं असेल."

एवढं ऐकल्यावर हे उतरले. झाकण काढलं. फुस्स असा मोठा आवाज आला. झाकण न बघताच मुठीत धरून हे टाकीच्या तोंडाला कान लावून उभे राहिले आणि आम्हाला म्हणाले, "उतरा आणि गाडी हलवा." मी एका कडेवर बाळ घेऊन, सासूबाई पदर खोचून, आम्ही गाडी हलवली. आत डुबुक डुबुक वाजलं. ह्यांनी झाकण लावलं, किल्ली फिरवली, गाडी चालू!

"बघितलंस?" हे म्हणाले. "पेट्रोल एका बाजूला जाऊन बसलं होतं. हलवल्यावर जागेवर आलं."

मी मान डोलावली. बारावी झालेल्या माणसाच्या मध्ये मी बोलत नाही.

थोडं पुढे गेलो आणि पुन्हा तेच. पुन्हा हे उतरले. या वेळी झाकण न काढताच आम्हाला कामाला लावलं. आम्ही हलवतोय, हलवतोय, गाडी ढिम्म. एक स्कूटरवाले थांबून म्हणाले, "काय हो, डिक्कीत अडकलंय का कोणी?"

"पेट्रोल जागेवर आणतोय," सासूबाईंनी ठसक्यात सांगितलं. स्कूटरवाल्यांनी बाळाकडे फार दयेनं बघितलं आणि निघून गेले.

शेवटी ह्यांनी डुबुक ऐकायला झाकण काढलं. फुस्स. गाडी चालू.

"या वेळी जास्त हलवावं लागलं," हे म्हणाले. "पुलाचा चढ होता ना."

"चढबिढ काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी डाव्या पायानं चढले की बंद पडते. आता उजव्या पायानं चढते."

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा अकराला वीस मिनिटं उरली होती. ह्यांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. ह्यांना आतलं काही कळत नाही, पण उघडलं की बरं दिसतं. सासूबाई कोणता पाय होता ते आठवत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे ते रिकामं मशीन यायला लागलं, आणि त्यावर बसलेली दुसरीच कोणी. त्यात बाळानं भोकाड पसरलं. मी दुधाची बाटली तोंडाला लावली. दोन घोट प्यायलं आणि परत किंचाळलं. बघते तर बाटलीचं निपल आत ओढलं जाऊन चपटं झालेलं. घाईघाईत मी बाटलीचं कडं गच्च आवळलं होतं. जरासं सैल केलं, आत बुडबुड करत हवा गेली, निपल टुणकन फुगलं आणि बाळ गटागटा प्यायला लागलं.

मी बाटलीकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग परत बाटलीकडे.

"अहो!" मी ओरडले. "अहो, ते डोकं बाहेर काढा! गाडीला चोखता येत नाहीये!"

"काय?"

"दूध बाहेर आलं तर तेवढी हवा आत जायला नको का? पेट्रोलचंही तसंच! इंजिन ओढतंय, पण टाकीत हवाच शिरत नाहीये. तुम्ही झाकण काढता तेव्हा फुस्स होतं ना, ती हवा आत जाते! म्हणून मग चालू होते! झाकणाला हवा घ्यायला कुठेतरी बारीक भोक असणार, तेच बुजलंय!"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या नजरेत कौतुक होतं. हेही थक्क झाले. "अगं, हे तुला कसं सुचलं?"

"सुचतं कधीकधी," मी म्हणाले आणि मान जरा वर केली.

ह्यांनी जाऊन झाकण काढलं, उलटं केलं आणि दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणलं. दुहेरी प्लास्टिक. वर गुलाबी रबरबँड.

"आणि हे कोणाला सुचलं?"

माझी हुशारी एकूण दोन श्वास टिकली. सासूबाईंनी रबरबँड ओळखलं. "हे तर माझ्या औषधांच्या पुडीचं!" म्हणाल्या, आणि कौतुक जिथून आलं होतं तिथे परत गेलं.

प्लास्टिक काढल्यावर गाडी अशी पळाली की काही विचारू नका. तरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाळणाघराच्या बाई फोन हातात घेऊनच दारात उभ्या होत्या.

"पुढच्या आईला फोन लावतच होते. उशीर का?"

मी म्हणणार होते, रस्त्यात गर्दी होती. पण आमचे हे पुढे झाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. तेलाच्या बाटलीपासून. रबरबँडच्या रंगासकट. मध्ये सासूबाईंनी गाडी कशी हलवली ते करून दाखवलं. बाई आधी गालातल्या गालात हसल्या, मग दाराला धरून हसल्या, मग डोळे पुसून त्यांनी बाळाला माझ्या कडेवरून उचललं आणि फोन खिशात टाकला.

"जागा तुमची," बाई म्हणाल्या. "नियमात बसत नाही, पण दिलीच पाहिजे. घरी राहिलं तर तुम्ही या पोराचं काय काय गच्च बंद कराल, नेम नाही."

तर मी आता कामावर जाते. माझ्याआधी ही गोष्ट तिथे पोचली होती, त्यामुळे मला सगळ्या 'झाकणबाई' म्हणतात. पण म्हणून गप्प बसणं बरं नाही. पेट्रोलच्या टाकीला झाकणातून श्वास लागतो, त्याखाली प्लास्टिक घालू नका आणि नळी खट् म्हणाली की तिचं ऐका, एवढं भेटेल त्याला जरूर सांगा. फक्त सांगताना ही गोष्ट तुमच्या एखाद्या जावेची म्हणून सांगा.