सामन्याआधीचे शेळके सर

सामना सुरू व्हायच्या आधीच टेक्निकल फाऊल देणारा पंच तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. माझ्या हातातलं पेन गळून पडलं होतं.

शेळके सर आमच्या देऊळगाव राजाच्या शाळेत पी.टी. शिकवतात आणि आसपास कुठेही बास्केटबॉल असला की पंच म्हणून जातात. मी गणिताची. स्कोअर लिहायला मलाही ओढून नेतात. बाकीचे पंच सामन्याच्या वेळेला उगवतात. सर वीस मिनिटं आधीच मध्यरेषेवर, कमरेवर हात ठेवून उभे. कशासाठी? तर वार्मअप बघायला!

तर तो फाऊल. वार्मअप चालू असताना एक पोरगा दुसऱ्याच्या खांद्यावर चढून रिंगला लटकला. सरांची शिट्टी कडाडली. "काऊन बे, झाड हाय का ते? उतर खाली!" तो उतरला, तर सरांनी माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी टेक्निकलची खूण केली.

"अहो सर, सामना कुठे सुरू झालाय?"

"मॅच सुरू नाही झाली म्हून नियम झोपले का, मॅडम?"

समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळाला. बॉल उडायच्या आधीच एक-शून्य! त्या पोराचा कोच थयथयाट करत आला, तर विचारल्याशिवाय मैदानात पाय ठेवला म्हणून त्यालाही ताकीद. मी तोंडावर पदर घेऊन बसले.

एकदा एकाच्या हातातलं कडं निघेना. सरांनी साबण मागवला, त्याला नळाखाली बसवलं आणि स्वतः घासून घासून कडं काढलं. मुलींची नखं तपासतात, वाढलेली दिसली की खिशातून नेलकटर काढतात. अहो, पंच की न्हावी? मला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मागच्या महिन्यात मुलींची फायनल होती. एका संघाच्या यादीत बारा नावं. मैदानावर वार्मअप करत होत्या तेरा. मी परत मोजल्या. तेराच! कडेची एक किडकिडीत मुलगी, शर्टावर नंबरसुद्धा नाही. मनात म्हटलं, आता हिची धडगत नाही.

सर तिच्याजवळ गेले. आमच्या टेबलापासून चार पावलांवरच होती ती. पार रडकुंडीला आलेली.

"सर, बाबा पाहाले आले. टीममध्ये हाय म्हून सांगतलं म्या घरी. एक बॉल टाकू द्या, मंग बसते बाजूले."

जाळीपलीकडे एक टोपीवाला माणूस जाळीत बोटं अडकवून उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मी कान झाकून घेतले. शिट्टी वाजलीच नाही. सर माझ्या टेबलाशी आले, मैदानाकडे चक्क पाठ केली आणि यादी वाचायला लागले. वार्मअपकडे पाठ! शेळके सरांनी!

"सर, तेरा आहेत हो!"

"मले दिसते, मॅडम." त्यांनी यादीतून डोकं वर काढलं नाही. "मी कॉलेजात तीन वर्षं टीमसंगं फिरलो. एक मॅच नाही खेळलो. निस्ता वार्मअप. माह्या बापाले मरेपर्यंत वाटे, पोरगं लय खेळते."

मागे बॉल रिंगवर आपटल्याचा आवाज आला.

"झाला का बास्केट?" त्यांनी न वळताच विचारलं.

बॉल बाहेर पडून घरंगळत चालला होता. जाळीपलीकडे तो माणूस टाळ्या वाजवत होता.

"झाला, सर," मी म्हटलं.