गोविंद नाखवांची विडी

बोर्ली पंचतनजवळच्या शाळेत बदली झाली आणि मी कोळीवाड्यात खोली घेतली. पहिल्याच सकाळी दार उघडलं, तर शेजारच्या अंगणात खाटेवर कोणीतरी डोक्यापर्यंत चादर ओढून निजलेलं, आणि चादरीतून धूर येतोय. कळशी उचलून धावले. चादरीतून शांत आवाज आला, "पानी नको, बाई. चाय आनलीत तर बरं."

हे गोविंद नाखवा. जन्मभर होडीवर जाळी ओढली, आता मणक्यांना संधिवात. मागून हाक मारली तर मान वळत नाही, अख्खे नाखवा वळतात. उभं राहिलं की नजर जमिनीवरच, म्हणून माणसं ते चपलांवरून ओळखतात. "नवीन घेतल्या व्हय?" हा त्यांचा नमस्कार. आभाळ बघायचं तर आडवं व्हावं लागतं, आणि आडवं झालं की विडी लागते. वाऱ्यात काडी विझते म्हणून ती चादर, भोकाभोकांची. बायकोला, जानकीबायला, धुराने खोकला येतो म्हणून खाट अंगणात.

मीच त्यांना माणगावला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "आजोबा, विडीने मणके आणखी खराब होतात, दुखणंही वाढतं. सोडा."

नाखवा डॉक्टरांच्या बुटांकडे बघत म्हणाले, "सोडली तर दिवसभर करू काय? नुसता दुखत बसू?"

नाखवांनी दवाखान्याच्या पायरीवरच विडी पेटवली.

मग एका संध्याकाळी जानकीबाय न्हाणीत घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर खाट रिकामी, धुराचा पत्ता नाही. नाखवांचंच काहीतरी झालं, असं धरून मी आत धावले.

जानकीबाय जमिनीवर बसली होती. मागे स्टुलावर नाखवा, हातात फणी. हात वर नेला की कळ येऊन त्यांचे डोळे मिटत होते.

"विडी कुठंय?" मला दुसरं काही सुचेना.

"सोडली. डाक्टर बोल्ला ना, कळ कमी व्हईल. हात वर ऱ्हायाला पायजे. हिची येणी कोन घालनार?"

"झाली कमी?"

"न्हाय अजून."

जानकीबायने आरशात पाहिलं. "भांग वाकडा आलाय."

नाखवांनी सगळे केस मोकळे केले आणि पुन्हा विंचरायला घेतले.