एक नंबरच्या नऊ टेपा

मुलांनो, एका जंगलात एक कचेरी होती. राजा वाघच होता, पण सहीपुरता. खरं राज्य नऊ खात्यांच्या नऊ साहेबांचं.

कोणाचं बीळ कुठलं, कोणाचं झाड कुठलं, सगळं कचेरीच्या संगणकात असे. तो बिघडला तर पंचाईत नको, म्हणून रोज कचेरी सुटताना प्रत्येक खात्याची नक्कल त्याच्या त्याच्या टेपवर उतरे. टेप काढून लावायला एक लांब हाताचं यंत्र होतं. प्रत्येक टेपवर काळ्या रेघांचं लेबल असे, म्हणजे बारकोड. यंत्र रेघा वाचायचं, नंबर ओळखायचं आणि ती टेप उचलायचं. डोकं नव्हतं त्याला. साहेबांनाही नव्हतं, पण यंत्र निदान काम करायचं.

एकदा जुन्या टेपा झिजल्या म्हणून लेबलं काढून मोडीत घातल्या आणि नऊ नव्या टेपा आल्या. शहरातला व्यापारी लेबलांची किंमत अशी सांगू लागला की तेवढ्यात दहावी टेप आली असती. तेव्हा टेपा सांभाळणारी साळूबाई साळिंदर म्हणाली, "मी घरी करते की! त्यात काय आहे?"

तिने जुनी लेबलं समोर ठेवून रेघांची जाडी मोजली. स्वतःचा एक काटा उपटला, काजळीत बुडवला, कागदावर रेघा ओढल्या आणि डिंकाने चिकटवल्या. एक ते नऊ. यंत्राने नऊच्या नऊ टेपा बिनचूक ओळखल्या. खर्च काय, तर एक काटा.

गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? पण लेबलं घरीच होतात म्हटल्यावर, नव्या टेपांवर पहिली नक्कल उतरायच्या आतच हत्तीसाहेब आले.

"बाई, आमच्या खात्याला सात नंबर? आम्हाला एक द्या."

"साहेब, एक नंबर रानडुक्करसाहेबांच्या जमीन खात्याला दिलाय."

"त्यांचाही राहू द्या. तुम्हाला काय, रेघाच तर ओढायच्या!"

मग अस्वलसाहेब आले. कोल्हेसाहेब आले. सगळ्यांना एक नंबरच हवा.

साळूबाई कळवळून म्हणाली, "अहो साहेब, यंत्राला मान कळत नाही, नंबर कळतो. ते पुढ्यातली एकच टेप उचलेल आणि सगळ्यांचं तिच्यावरच लिहीत बसेल. आधीचं सगळं पुसलं जाईल!"

"जमत नसेल तर नोकरी सोडा," हत्तीसाहेब म्हणाले.

तिला तीन पिल्लं होती. त्यात तिच्या बिळावर तरसाने दावा लावलेला. सुनावणी पंधरा दिवसांवर आली होती. बीळ तिचंच आहे, ही नोंद जमीन खात्यात होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण नोकरी गेली तर पिल्लांना घालणार काय? तिने मुकाट्याने नऊ लेबलं केली. सगळ्यांवर नंबर एक.

सुनावणीच्या आदल्या दिवशी उंदरांनी तारा कुरतडल्या आणि संगणक जळाला.

"टेप लावा," दुसऱ्या दिवशी सुनावणीत वाघ म्हणाला.

यंत्राने टेप आणली. तिच्यावर हत्तीसाहेबांच्या सत्काराचे फोटो होते. बाकीच्या आठ टेपा कोऱ्या करकरीत.

"नोंद होती हो महाराज! माझ्या आजीपासूनचं बीळ आहे ते!" साळूबाई रडू लागली.

"आत्ता तर दिसत नाही," वाघ म्हणाला, आणि त्याने सही केली.

त्याच दिवशी तरस बिळात शिरला. साळूबाई तीन पिल्लं घेऊन उघड्यावर आली. मला त्या कचेरीची शिसारी येते, मुलांनो, पण पुढचं ऐका.

चौकशी समिती नेमली गेली. समितीत कोण? तेच नऊ साहेब. त्यांनी ठरवलं की घरगुती, स्वस्त लेबलांनी घात केला. साळूबाईला कामावरून काढलं. व्यापाऱ्याकडून महागडी लेबलं मागवली, सोनेरी कडांची. मागणीपत्र हत्तीसाहेबांनी स्वतः लिहिलं : नऊ नग, सर्वांवर नंबर एक.

तात्पर्य : साहेबांचा मूर्खपणा नेहमी बाजारातून महागात छापून आणावा. घरी स्वस्तात करून दिलात, तर तो तुमचा ठरतो.