दिवे वाढविण्याच्या हुकुमाची हकीकत

श्री. ज्याने सूर्य निर्माण केला आणि सायंकाळी मावळण्याची अक्कलही त्यास दिली, त्या जगन्नियंत्यास दंडवत. शके एकोणीसशे शेचाळीस, संवत्सराचे नाव क्रोधी, आणि ते नाव किती यथार्थ होते हे पुढील मजकुरावरून ध्यानी येईल. आश्विन वद्य एकादशीस राज्यात दिवाळीची रोषणाई सुरू जाहली, तिचे वर्तमान येणेप्रमाणे.

त्या राज्यात दीपनिशीचे, म्हणजे सणावारी दिवे लावण्याचे, काम द्वारकाबाई सबनीस यांजकडे होते. बाईंचे वय पन्नासास दोन कमी. विद्या कोणा गुरूपाशी केली नाही. दुपारची झाकपाक उरकून संगणकापुढे बसावे, दूरदेशीचे लोक आपली घरे कैसी उजळतात ते पाहावे, आणि मग दिव्यांस आकडे सांगणाऱ्या दोन पेट्या जाळून व एकदा स्वतःचा पदर जाळून बाई शिकल्या. विद्या ऐसी की, माळेतल्या एकेका दिव्यास, ज्यास पिक्सेल म्हणती, वेगळे सांगावे की बाबा रे, तू अमुक रंग घे आणि इतकाच उजळ. यंदा बाईंनी श्रावणापासून खपून राजवाड्याच्या दर्शनी भिंतीवर चार हजार दिव्यांचा मोर मांडिला होता. मोराने मान वळवावी, आणि पिसारा एकेक पीस करून उलगडावा, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात निळे, हिरवे, सोनेरी ऐसे रंग फिरावे. बाईंच्या जिवास एकच लागले होते की, सणाच्या दिवसांत एकदा तरी कोणी थांबून म्हणावे, हा मोर आहे. दुसरे मागणे नव्हते.

आता उजेडाची मेख ऐसी की, तो शून्यापासून शंभरापर्यंत मोजिती, आणि बाईंनी तो तिसावर बांधिला होता. तिसावर रंग आपापल्या जागी राहत. शंभरावर नेला तर निळे निळे राहत नसे, अवघा पांढरा लोळ होई, आणि पिसाऱ्याच्या टोकास वीज पुरेनाशी होऊन तेथील दिवे आजारी माणसासारखे तांबूस पडत. हे बाईंनी दरबारात तीन वेळा समजावून सांगितले, आणि तिन्ही वेळा दरबार चहा पीत होता.

एकादशीस दिवे लागले. द्वादशीचे सकाळी कारभारी दादोपंत हजर जाहले आणि बोलिले, "बाई, हुकूम आहे. दिवे वाढवा."

"कोणाचा हुकूम?"

"खुद्द आऊसाहेबांचा. दासीकडून निरोप आला, दिवे वाढवा म्हणून."

आऊसाहेब म्हणजे महाराजांच्या मातोश्री, वय चौऱ्यांशी, नवरात्रात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढिलेले, आणि मोराच्या अगदी समोर त्यांची खिडकी. बाईंच्या मनी आले की, म्हातारीस दिसत नसेल बिचारीला, म्हणून तिसाचे साठ केले. परंतु माणसाचा डोळा मोठा लबाड, उजेड दुप्पट केला तरी त्यास दुप्पट वाटत नाही. सायंकाळी दादोपंत भिंतीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "कुठे वाढलेत? मला तर तसूभर वाटतात."

"दुप्पट केलेत, पंत. डोळ्यास दुप्पट वाटायचे तर पाचपट करावे लागतील."

"मग करा की पाचपट!"

"तिसाची पाचपट दीडशे. शंभराच्या पुढे आकडाच नाही."

"आकडा नाही म्हणजे काय? राज्यात आकड्यांचा तोटा पडला काय?"

बाईंनी भिंतीकडे पाहिले आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजिले, ते मात्र पुरले नाहीत. तो त्रयोदशीस पुन्हा निरोप आला की, सांगून सांगून जीभ झिजली, दिवे वाढवा. मग बाईंनी ओठ आवळून साठाचे शंभर केले. आणि मग जे जाहले ते शत्रूवरही न यावे. सातच्या सुमारास राज्यातले कोंबडे आरवले, सेनापती काळा चष्मा लावून फिरू लागले, आणि लोक डोळ्यांवर हात धरून भिंतीखालून जाताना बोलत. एक म्हणे, "फ्लॉवरचा गड्डा आहे वाटते." दुसरा म्हणे, "छे हो, कोंबडी आहे, भाजायला लावलेली." बाई कोपऱ्यात उभ्या राहून हे ऐकत होत्या. तीन महिन्यांचे डोळे त्या भिंतीत गेले होते आणि त्यांची कोंबडी जाहली. रडू यावे तर चीड आधी येई. तेवढ्यात सहज वर नजर गेली, तो आऊसाहेबांच्या खिडकीस आतून जाड गोधडी टांगलेली. बाई मनाशी म्हणाल्या, जिला उजेड हवा ती बाई खिडकीला गोधडी कशाला लावील?

चतुर्दशीस फराळ तसाच टाकून बाई आऊसाहेबांच्या दालनात गेल्या, मागून दादोपंत आले. आत मिट्ट काळोख, आणि काळोखात काळा चष्मा लावून आऊसाहेब बसलेल्या.

बाई बोलिल्या, "आऊसाहेब, शंभर झाले. याहून वाढवायचे तर मीच पेटून उभी राहते तिथे."

आऊसाहेब कडाडल्या, "अगो, मी तीन दिवस कंठशोष करत्ये, वाढवा, वाढवा! डोळ्यांचे पाणी खळेना. आणि तुम्ही मेल्यांनो रोज जास्तच लावता!"

बाईंनी हळूच पुसिले, "आऊसाहेब, वाढवा म्हणजे... मालवा?"

"शिव शिव! भरल्या सणात असले तोंडाने काढतात? दिवा मालवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. आईने काही शिकवले की नाही तुला?"

आईने शिकविले होते. कालच शिडीवर बांगडी पिचली तेव्हा बाई स्वतःच म्हणाल्या होत्या, वाढली. परंतु तेच बोलणे आकड्यांच्या पेटीपाशी आले आणि त्याचा अर्थ उलटा जाहला. दादोपंत खाकरले आणि म्हणाले, "म्हणजे हुकूम स्पष्ट झाला. अवघे बंद. मी खालची कळ दाबून येतो."

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पंत, कळीला हात लावाल तर दाराआडच्या ह्या काठीवर माळेसारखे गुंडाळीन तुम्हाला. आऊसाहेब, आजची संध्याकाळ द्या. मग म्हणाल तर मी स्वतः वाढवते."

आऊसाहेब म्हणाल्या, "तुझा हट्टच असेल तर बस इथे. पण मी चष्मा काढायची नाही."

दिवेलागणीस बाई संगणक मांडीवर घेऊन आऊसाहेबांच्या पायाशी बसल्या आणि गोधडीचे एक टोक उचलून उजेड शंभरावरून उतरवू लागल्या. चाळिसावर आऊसाहेब म्हणाल्या, "अजून." विसावर म्हणाल्या, "अजून." बारावर म्हणाल्या, "वाईच अजून." आणि आठावर आऊसाहेबांनी चष्मा काढिला. पण आठावर आणखी एक संकट उभे राहिले, इतक्या मंद उजेडात पिसाऱ्यातले सोनेरी समूळ नाहीसे जाहले. बाई दात ओठ खात आकड्यांत शिरल्या आणि तेवढे सोनेरी वेगळे उजळविले, बाकी होते तिथेच ठेविले. मग मोराने मान वळविली आणि पिसारा उलगडू लागला.

आऊसाहेबांनी गोधडी सबंध बाजूस सारली. मग म्हणाल्या, "अगोबाई, हा तर मोर! मला आपले वाटत होते, समोर आग लागल्ये आणि कुणी विझवत नाही."

"आगीला चालते वाटते, विझवणे म्हटलेले?"

"आगीला चालते."

बाई पदराने नाक पुसत हसल्या. खालून दादोपंत ओरडिले, "बाई, फार मंद दिसते!" तेव्हा आऊसाहेबांनी खिडकीतून डोके काढून सांगितले, "जवळ येऊन बघ, मेल्या!" दादोपंत जवळ आले, त्यांच्यामागे लोकही आले, आणि भिंतीपाशी आवाज आपोआप हळू जाहले. बाईंनी पुसिले, "आऊसाहेब, किती वाजता वाढवू?" आऊसाहेब म्हणाल्या, "मी निजेपर्यंत असू दे." हे ऐकून बाईंस बरे वाटले, कारण आऊसाहेब रोज आठास निजत. आठ वाजले, आणि मग नऊ वाजले, बाईंच्या पायास मुंग्या आल्या, घरी फराळ तसाच पडला होता, आणि आऊसाहेब काही निजेचनात.

तात्पर्य, त्या साली राज्यात उजेड शंभरात आठ ठरला. यापुढे दिव्यांचा हुकूम तोंडी न देता आकड्यांत लिहून द्यावा, ऐसा ठराव जाहला. तो दादोपंतांनी बाईंस तोंडीच कळविला.