गालावरचा डाग

"मी साफ केलेल्या सिनेमात एक डाग शोधून दाखवा. हे हातमोजे खिडकीतून फेकतो आणि उद्यापासून भाजी विकायला बसतो."

डॉक्टर हे वाक्य ज्याला त्याला ऐकवायचा. तो काही खरा डॉक्टर नव्हता. जुन्या सिनेमांची डागडुजी करणाऱ्या लॅबमध्ये तो कामाला होता आणि पांढरा कोट, पांढरे हातमोजे घालून फिरायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. जुनी रिळं यायची, एकेक चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरायचं, आणि मग डॉक्टर त्यावरची धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके वेचत बसायचा. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं असतात. दिवसभर मान मोडून काम केल्यावर नायिका खुर्चीतून जेमतेम उठलेली असायची.

असा हा माणूस डागांना भीत नव्हता. तो भीत होता मावशीला.

मावशी म्हणजे बायकोची मावशी, एके काळची मोठी नटी. पडद्यावर ती इतकी नाजूक दिसायची की फुंकर मारली तर उडून जाईल. प्रत्यक्षात तिने नुसतं बघितलं तरी समोरचा उडून जायचा. डॉक्टरच्या लग्नात तिने नवरदेवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि फोटोग्राफरला शांतपणे सांगितलं होतं, "यांचा फोटो डावीकडून घ्या. आणि जरा लांबून." तेव्हापासून मावशी समोर आली की डॉक्टर आपोआप डावी बाजू पुढे करून उभा राहायचा. आणि जरा लांब.

तर या मावशीच्या पलंगाखाली तिच्या जुन्या सिनेमांचे डबे होते. दुसरी प्रत कुठेच नाही. फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, आणि मावशीच्या खोलीत गेलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मावशी म्हणायची, लोक मला बघून भारावतात.

त्यातल्या एका डब्यात डॉक्टरच्या सासूबाई होत्या. म्हणजे त्यांचं चित्र. मावशीची ही थोरली बहीण लेकीकडेच राहायची. शांत बाई, गोल चेहरा, गालावर टपोरा तीळ, आवाज कधी चढलेला नाही. तरुणपणी एकदा धाकटीचा जेवणाचा डबा पोचवायला स्टुडिओत गेली असताना दिग्दर्शकाने तिला धरून कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. ट्रे घेऊन यायचं आणि म्हणायचं, "बाईसाहेब, गाडी आली." बस्स, एवढंच. तो सिनेमा चार दिवस चालून उतरला आणि घरच्या गडबडीत सासूबाईंचा तो बघायचाच राहून गेला. त्यानंतर आयुष्यभर दारात रिक्षा आली, दूधवाला आला, गॅसचा माणूस आला, तरी सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "बाईसाहेब, गाडी आली."

त्या डॉक्टरला एवढंच विचारायच्या, "डोळे मिटायच्या आत ते एकदा बघायला मिळेल का हो, जावईबापू?"

डॉक्टरने मावशीचे पाय धरले. मावशी म्हणाली, एक सिनेमा देते. तो नीट झाला तर बाकीचे तुमचे. त्याचं वाटोळं केलंत, तर बाकीचे डबे माझ्याबरोबरच वर जातील.

डॉक्टरने जीव ओतून काम केलं. आता या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. चित्र साफ करणारा वेगळा आणि आवाज साफ करणारा वेगळा. डॉक्टर वरच्या मजल्यावर बिनआवाजाचं चित्र बघायचा. खालच्या मजल्यावर आवाजवाल्या बाई डोळे मिटून बिनचित्राचा आवाज ऐकायच्या. रिळंही हाताला येतील तशी, कधी शेवट आधी, कधी सुरुवात शेवटी. त्यामुळे डॉक्टरने तो सिनेमा कितीदा तरी पाहिला होता, पण एकदाही ऐकला नव्हता. त्यात कोण कोणाला काय म्हणतंय, याची त्याला दाढ दुखणाऱ्या माणसाला गाण्याची असते तितकीच फिकीर होती.

साफ झालेला सिनेमा थिएटरात दाखवायचा समारंभ ठरला होता, त्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच चित्र आणि आवाज एकत्र जोडून लावले. डॉक्टर आणि आवाजवाल्या बाई शेजारी शेजारी बसले. पडदा असा झळकत होता की डॉक्टरने स्वतःच्याच पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी होती. बागेतला सीन आला. नायक नायिकेच्या गालाकडे बोट करून म्हणाला, "सगळं जग तुझ्यासारखं दिसलं, तरी या तिळावरून मी तुला ओळखीन."

बाई पुढे वाकल्या. "पण तीळ कुठे आहे?"

डॉक्टरही पुढे वाकला. गाल कसा, तर नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा.

आणि मग डॉक्टरला आठवलं. अगदी पहिल्या दिवशी, पहिल्या रिळात, नायिकेच्या गालावर एक काळा ठिपका होता. धुळीचा ठिपका एका चित्रात दिसतो आणि पुढच्यात जातो. हा जाईना. असला चिवट डाग बघून डॉक्टरला चेव आला होता. त्याने मशीनला तो ठिपका दाखवून शिकवून ठेवलं होतं, की हा डाग या सिनेमात जिथे दिसेल तिथे उडव. मशीन आज्ञाधारक. त्याने सगळीकडे उडवला.

"बाई," डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पुढे या तिळाचं काय होतं?"

बाईंना सगळे संवाद पाठ होते. त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी नजर नातेवाइकांना बाहेर बोलावताना खऱ्या डॉक्टरची असते. त्या म्हणाल्या, सिनेमात मावशींचा डबल रोल आहे. एक खरी आणि एक तोतया. खरीला तीळ आहे, तोतयाला नाही. फरक तेवढाच. शेवटी कोर्टात वकील कंदील घेऊन खरीच्या गालाजवळ जातो, तीळ दाखवतो, सगळं कोर्ट आ वासतं आणि न्यायाधीशांच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्यांनी तो सीन लावून बघितला. वकिलाने कंदील आणला. कोऱ्या करकरीत गालावर उजेड पाडला. सगळ्या कोर्टाने आ वासला आणि न्यायाधीश रडायला लागले.

डॉक्टरने खुर्चीचे हात घट्ट धरले. तेवढ्यात बायकोचा फोन. "ऐक, मावशीने डबे गाडीत घेतलेत. म्हणते, सिनेमा आवडला तर तिथल्या तिथे देईन. आणि आई विचारतेय, तिचा डबा त्यातच आहे ना?"

डॉक्टर हो म्हणाला. निदान त्याला तसं वाटलं. बायकोला नुसता कण्हल्याचा आवाज ऐकू आला.

आता काय करायचं? मशीनला सांगितलं, तीळ परत लाव. मशीन चेहरा बघून काम करतं आणि दोन्ही चेहरे मावशीचेच. त्याने खरीला लावला, तोतयाला लावला, भिंतीवरच्या तसबिरीला लावला आणि उत्साहाच्या भरात न्यायाधीशांनाही एक लावला. मूळ न धुतलेलं चित्र घालावं, तर तिळाबरोबर सगळी बुरशी परत. एक डाग हवा म्हणून हजार डाग घ्यायचे. शेवटी एकच मार्ग उरला. जुन्या चित्रातून तीळ उचलायचा आणि हाताने एकेका चित्रावर नेऊन चिकटवायचा. संध्याकाळपर्यंत मध्यंतरानंतरचे महत्त्वाचे सीन जेमतेम झाले असते.

"आणि मध्यंतराच्या आधीचं?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरने त्यांच्याकडे केविलवाणं बघितलं. बाई त्याच्या मनातलं ओळखून आधी नाही म्हणाल्या, मग जोरात नाही म्हणाल्या, मग उठून खाली गेल्या. त्या सिनेमाच्या मूळ आवाजात स्टुडिओच्या आवारातलं एक कुत्रं जागोजागी भुंकत होतं. बाईंनी किती खपून त्याचं एकेक भुंकणं वेचून काढलं होतं. आता तेच कुत्रं त्यांनी स्वतःच्या हाताने परत घातलं. जिथे जिथे "तीळ" हा शब्द होता, बरोबर तिथे. घालताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू स्वतःच्याच घरात चिखलाचे पाय घेऊन शिरतायत.

संध्याकाळी थिएटर भरलं. लॅबचे साहेब सूट घालून आले आणि डॉक्टरच्या कानात म्हणाले, "तुमच्या मावशींना तुम्हीच सांभाळा. मला छातीचा त्रास आहे." मावशी आली ती पांढऱ्या साडीत, काठी टेकत. तिच्यामागे ड्रायव्हर डब्यांची चळत घेऊन आला आणि ती तिच्या पायाशी ठेवून गेला. डॉक्टरची खुर्ची नेमकी तिच्या मागची. त्याला पडदा दिसत नव्हता, फक्त मावशीचा अंबाडा दिसत होता. पुढचा सगळा सिनेमा त्याने त्या अंबाड्यावर वाचला.

बागेतला सीन आला. नायक म्हणाला, "सगळं जग तुझ्यासारखं दिसलं, तरी या भो भो मी तुला ओळखीन."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. अंबाडा ताठ झाला.

पुढे नायिकेची आई मरताना म्हणाली, "पोरी, तुझा हा भो म्हणजे आपल्या घराण्याची खूण." त्यावर अख्खी रांग हसली. डॉक्टरने हातमोजा तोंडात कोंबला. अंबाडा हलला नाही. अंबाडा इतका हलत नव्हता, की रागावण्यापेक्षा ते भयंकर होतं.

मध्यंतर झालं. दिवे लागले. मावशीने मान वळवली नाही. डॉक्टर घामाने इतका भिजला होता की खुर्चीवरून उठला तेव्हा खुर्चीही थोडी बरोबर आली.

मग दुसरा भाग. खरी नायिका पडद्यावर आली आणि तिच्या गालावर, देव पावला, तीळ होता. पण तो डॉक्टरने भीतीने थरथरत्या हातांनी एकेक चित्रावर चिकटवला होता. ती थरथर जशीच्या तशी पडद्यावर आली. तीळ गालावर जागच्या जागी नाचत होता. मधेच कानाकडे जाऊन यायचा. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने दोनदा हवेत हात मारला आणि बायकोला म्हणाला, "इथे माश्या फार आहेत." कोर्टात वकिलाने कंदील पुढे केला, तसा तीळ घाबरून हनुवटीवर उतरला. कोर्टाने आ वासला. या वेळी प्रेक्षकांनीही वासला.

सिनेमा संपला. टाळ्या कशा वाजल्या, किती वाजल्या, डॉक्टरला कळलं नाही. मावशीने मागे न बघता काठीने खूण केली. तो डावी बाजू पुढे करून तिच्यासमोर उभा राहिला.

"जावईबापू, मध्यंतरापर्यंत माझ्या गालावरचा तीळ कुठे होता?"

डॉक्टरची बोबडी वळली. डाग, मशीन, आज्ञाधारक, चुकून, असे चारपाच शब्द सुटे सुटे बाहेर पडले.

मावशीने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग तिचा आवाज आला तो वेगळाच. ती म्हणाली, "मला जन्मात तीळ नव्हता. ताई एकदा सेटवर आली, मेकअपवाल्याने तिच्या गालावरचा पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून काजळाच्या कांडीने माझ्या गालावर काढायला लागला. मग प्रत्येक सिनेमात तोच. लोक मला भेटले की आधी गाल बघायचे आणि विचारायचे, तीळ कुठे गेला? जन्मभर लोकांनी माझ्या तोंडावर ताईचा तीळ बघितला." तिने डोळे टिपले. "आज मध्यंतरापर्यंत मी नायिकेच्या जागी पहिल्यांदा माझं तोंड बघितलं. इतकं छान वाटत होतं. ते स्टुडिओतलं कुत्रंसुद्धा ओळखीचं. आणि मग मध्यंतरानंतर तो मेला तीळ परत का आणलात?"

डॉक्टरने दिवसभर मान मोडून, जिवाच्या आकांताने जे काही केलं होतं, ते सगळं नेमकं चुकीचं होतं. चूक तेवढी बरोबर होती. मावशीने काठीने डबे त्याच्याकडे ढकलले.

"घेऊन जा. पण एका अटीवर. कुठल्याही रिळात तो तीळ मला दिसता कामा नये."

डॉक्टर ते डबे छातीशी धरून घरी आला. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी डबे बघितले आणि म्हणाल्या, "बाईसाहेब, गाडी आली." या वेळी त्यांनी एकेका डब्यावरून हात फिरवला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरने सासूबाईंचं रीळ काढलं. बुरशीने खाल्लं होतं, पण वाचलं. शिकवलेलं मशीन तयारच होतं, ते लावून दिलं. वर सासूबाईंच्या सीनवर त्याने स्वतः हाताने बसून मेहनत घेतली. एक डाग ठेवला नाही. घरीच पडदा लावला, शेजारीपाजारी बोलावले, सासूबाईंना पुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती.

सीन आला. दार उघडलं, ट्रे घेऊन एक गोरी गोमटी मुलगी आत आली, आणि म्हणाली, "बाईसाहेब, गाडी आली." आणि गेली.

सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. मग स्वतःच्या गालावरच्या तिळावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "आवाज माझाच आहे हो, जावईबापू. पण ही मुलगी कोण?"