पुलाची गोष्ट शेवटास ठेविली त्याची हकीगत

श्री. बोललेल्या शब्दास नमन, आणि तो ऐकणाऱ्या कानास एक नमस्कार अधिक. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सरी, नदीकाठच्या एका प्रांती त्र्यंबकराव कडलास्कर म्हणोन वकील होते, त्यांचे वर्तमान कळले तैसे लिहितो. सकाळी कोर्टात उभे राहात आणि सायंकाळी रेडिओ केंद्रात बैसोन कायद्याच्या गोष्टी रयतेस सांगत. खोली बंद, समोर काच, ऐकणारे कोणी दिसेना, म्हणोन अखेरीस "ऐकताय ना? नमस्कार" इतके पुसोन उठत, आणि उत्तर कधी आले नाही. घरी पत्नी वारली होती, तेथेही उत्तर नव्हते.

मग पैलतीरीच्या गावांनी त्यांस राजधानीच्या थोरल्या सभेस पाठवावयाचे योजिले. कारण की पावसाळ्यात होडी बंद होई आणि बाळंतीण दवाखान्यास पोहोचेना. होडीवाल्याची आई भिवराबाई, तिची सून ऐशीच गेली होती. ती म्हणाली, "वकीलदादा, तिथं जाऊन पूल तेवढा मागा." वकिलांनी शब्द दिला आणि मते पडली आणि स्वारी राजधानीस गेली. तेथे बंगला मोठा, ओळख कोणाची नाही. सायंकाळ होताच सवयीने घसा साफ करीत आणि मग आठवे की आज कोठे बोलावयाचे नाही.

बहुत दिवसांनी सभेत बोलावयाची पाळी आली. वकिलीचा शिरस्ता ऐसा की बळकट मुद्दा अखेरीस ठेवावा, आणि रेडिओचा ऐसा की खूण होताच थांबावे. दोन्ही अंगी मुरलेले. तेव्हा कायदा सांगितला, नदी सांगितली, आणि पुलाशी येतात तो घंटा वाजली, आणि "नमस्कार" म्हणोन बैसले. शेजारचे जुने सदस्य दौलतराव म्हणाले, "अहो, बसलात काय? ही नुसती इशाऱ्याची घंटा. आम्ही तर दुसरीनंतरही बोलतच असतो." मग वकील पुन्हा उठले. अध्यक्ष म्हणाले, "आपलं भाषण झालं आहे," आणि पुढील नाव पुकारिले. पुन्हा पाळी येण्याआधीच सभा विसर्जिली, आणि निवडणुकीत वकिलांचा मोड जाहला. बाजारात लोक म्हणो लागले, "वकीलसाहेब राजधानीला नमस्कार करून आले."

मग वकील दर बाजारी होडीच्या धक्क्यावर बाकडे टाकोन बैसू लागले, की कोणास कज्जा असेल त्यास फुकट सल्ला द्यावा. माणसे होडीतून उतरत आणि मान वळवोन जात. ऐसे किती बाजार गेले. एके दिवशी भिवराबाई येऊन समोर भुईवर बैसली. वकील म्हणाले, "बाई, मी चुकलो." मग म्हणाले, "पुलासाठी कोर्टात अर्ज करायचा आहे. तुमची सही लागेल."

"अंगठा चालंल?"

"चालेल."

"रेडिओवर रोज इचारायचात, ऐकताय ना म्हणून. मी चुलीम्होरनं हो म्हणायची. सून हसायची."

वकिलांनी हळूच पुसिले, "ऐकताय ना?"

"हो," बाई म्हणाली. "पण आता पुलाचं आधी बोला."

मग वकिलांनी अर्जाचे पहिले वाक्य पुलाचे लिहिले आणि तिला वाचोन दाखविले. येणेप्रमाणे वर्तमान. पूल अद्याप जाहला नाही, अर्ज कोर्टात आहे, आणि दर बाजारी धक्क्यावर बाकडी दोन असतात.