जाड चादर कधी वाळते?

"समुद्र, डोंगर की तळं, ते तुमचं तुम्ही ठरवा," कडकरावांची बायको म्हणाली, "मला एक खुर्ची आणि तिच्यावर पडेल एवढं ऊन पाहिजे. आणि त्या उन्हात कुणाची ओली पँट लटकलेली नको. बस्स."

कडकराव इस्त्री फिरवता फिरवता थांबले. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण कॉलरला अशी काही खळ लावायचे की गिऱ्हाइकाला दिवसभर मान वळवता येऊ नये, म्हणून सगळे त्यांना कडकराव म्हणायचे. माणूस मात्र मऊ. खाली लाँड्री, वर दोन खोल्या आणि त्यांच्यावर गच्ची, असा त्यांचा संसार. थंडीच्या दिवसांत खालच्या दुकानात आणि मधल्या खोल्यांत हुडहुडी भरायची. ऊन काय ते गच्चीवर. आणि गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांनी भरलेली. म्हणजे घरात ऊन होतं, पण ते सगळं गिऱ्हाइकांचं होतं.

गेल्या थंडीत एकदा बायकोने न्हाऊन आल्यावर गच्चीत खुर्ची टाकली होती. केस मोकळे सोडून जरा टेकते न टेकते तोच कडकराव टोपली घेऊन वर आले आणि म्हणाले, "अगं, थोडी सरक ना, हॉटेलच्या टॉवेलांवर तुझी सावली पडतेय." ते हे अगदी प्रेमाने म्हणाले होते. त्यामुळे तिला ते जास्तच लागलं होतं. त्यानंतर ती गच्चीत कधी बसली नाही. चिमटे लावायची आणि गार हात पदराला पुसत खाली यायची.

म्हणून या वर्षी सुट्टीचा विषय निघाल्यावर कडकरावांनी मनाशी पक्कं केलं, हिला ऊन द्यायचं म्हणजे द्यायचं. अगदी खात्रीचं.

मुलगी कॉलेजात शिकत होती. तिने फोन पुढे केला. "बाबा, हे बघा, तिन्ही ठिकाणचं हवामान. समुद्रावर सूर्य, डोंगरावर सूर्य, तळ्यावर अर्धा सूर्य."

"या फोनला कधी चादर वाळत घालावी लागलीय का?"

"नाही."

"मग त्याला काय कळतंय? असं कर, त्या त्या गावातल्या लाँड्रीवाल्यांचे नंबर काढून दे. मी विचारतो एकच प्रश्न. जाड चादर सकाळी टाकली तर कधी वाळते? जेवायच्या आत वाळली तर हवा उत्तम. दुपारच्या चहापर्यंत वाळली तर ठीक. दुसऱ्या दिवशी वाळली, तर त्या गावात आपलं काही काम नाही."

"पण सरळ सांगा ना, आम्ही फिरायला येतोय म्हणून."

"खुळी आहेस का! गिऱ्हाईक म्हणून विचारलं तर खरं कोण सांगतं? मी तरी सांगतो का? मी म्हणणार, मी लाईनीतला माणूस आहे."

इथेच सगळं बिघडलं.

पहिला फोन डोंगरावर गेला. "मी पण लाँड्रीवालाच," कडकराव म्हणाले, "तुमच्याकडे ऊन कसं काय असतं, जरा अंदाज घेत होतो." पलीकडचा सावध झाला. मग आवाज आला, "ऊन? इथे? अहो, इथे सूर्य दिसला तर लोक फोटो काढतात. धुकं, दव, सगळीकडे ओल. आमचाच धंदा बसायला आलाय. तुम्ही इथे दुकान काढायच्या भानगडीत पडूच नका!" आणि फोन बंद.

"बिचारा," कडकराव म्हणाले आणि डोंगर बाद झाला.

तळ्याकाठी एक आजी लाँड्री चालवत होत्या. त्या म्हणाल्या, "आज आहे, उद्या नसेल. ऊन काय माझ्या घरचं आहे?" मग त्यांनी साबणाची, पाण्याची, गुडघ्यांची आणि सुनेची तक्रार केली. हवेबद्दल खरं बोलणाऱ्या तेवढ्या त्या एकट्याच होत्या, पण इतकी कुरकुर करणाऱ्या बाईवर कडकरावांचा विश्वास बसेना. तळंही गेलं.

उरला समुद्र. समुद्रावरचा लाँड्रीवाला मात्र उमदा निघाला.

"ऊन ना? भट्टी आहे भट्टी! चादर जेवायच्या आत खडखडीत. तुमच्याकडे काय परिस्थिती?"

आता, परक्या लाँड्रीवाल्याने असं विचारल्यावर कडकरावांसारख्या माणसाने काय म्हणावं? बायको समोर टोपली घेऊन उभी होती, तरी त्यांची छाती फुगलीच. "आमच्याकडे? दुसरी चादर टाकून वळेपर्यंत पहिली वाळलेली असते!"

"काय सांगता! आणि किती निघतात दिवसाला? पाचशे निघतील?"

"पाचशे? डाव्या हाताने!"

"पाचशे?" बायको पुटपुटली. "दिवसाला की जन्माला?"

कडकरावांनी तिला हातानेच गप्प केलं. पलीकडच्याने मोठ्या अदबीने पत्ता विचारला. आपल्या लाईनीतला माणूस, ओळख असावी म्हणून. कडकरावांनी पत्ता दिला, खुणेसकट दिला. समुद्र ठरला. मुलीने बसची तिकिटं काढली आणि दुकानावर पाटी लागली, ‘लाँड्री एक आठवडा बंद राहील’. गिऱ्हाइकांचे सगळे कपडे पोचते झाले. गच्चीवरच्या दोऱ्या कित्येक वर्षांनी रिकाम्या झाल्या, पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता? बायकोने बॅग भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. समुद्रावर बसायला म्हणून तिने स्वतःसाठी एक टोपीसुद्धा आणली होती. ती घालून आरशात बघताना मुलीने पकडल्यावर केवढी लाजली!

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दारात आल्या. रिक्षा आली. आणि रिक्षाच्या मागोमाग एक भलामोठा टेम्पो आला आणि गल्लीच्या तोंडाशी बरोब्बर आडवा लागला. रिक्षा आत अडकली.

टेम्पोतून एक गोलमटोल गृहस्थ उतरले. मागून शालीत गुरफटलेल्या, नाक लाल झालेल्या त्यांच्या बाई उतरल्या. गृहस्थांनी दुकानाची पाटी वाचली, दुकान बघितलं, दुकानाच्या आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "मोठी लाँड्री कुठे आहे हो? पाचशे चादरींची?"

कडकरावांच्या हातातली बॅग खाली आली. "आपण?"

"ओळखलं नाहीत? मी समुद्रावरचा! आपलं फोनवर बोलणं नाही का झालं! तुम्ही देवासारखे भेटलात बघा." गृहस्थांनी टेम्पोचं मागचं दार उघडलं. आत चादरी होत्या. वरपासून खालपर्यंत, ठासून भरलेल्या, ओल्याकिच्च चादरी. दार उघडताच ओलसर कुबट वास गल्लीभर पसरला. "सुट्ट्या लागल्या, ज्याचं काम करतो ते हॉटेल भरलेलं, आणि दहा दिवस झाले, आमच्याकडे सूर्याचा पत्ता नाही. नुसते ढग. मॅनेजर म्हणाला, चादरी द्या नाहीतर काम सोडा. मला तुमचं बोलणं आठवलं. म्हटलं, दुसरी टाकून वळेपर्यंत पहिली वाळते तिथेच जावं!"

"पण तुम्ही तर म्हणालात, भट्टी आहे भट्टी!"

"अहो, तुम्ही लाईनीतले ना! लाईनीतल्या माणसाला कोण सांगतं, की माझ्याकडे कपडे वाळत नाहीत म्हणून?"

 ‘खरं कोण सांगतं?’ असं कडकराव स्वतःच मुलीला सांगून बसले होते, फक्त गिऱ्हाइकांबद्दल. मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि हसू दाबण्यासाठी तिने ओढणी तोंडात कोंबली होती.

बायको मात्र हसत नव्हती. ती टोपीसकट बॅगेवर बसली.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "आपण ऊन शोधायला ज्यांच्या गावाला निघालो होतो, ते ऊन शोधायला आपल्या घरी आलेत."

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. मला समुद्र नकोच होता हो. मला कुठे लाटा बघायच्या होत्या? मला नुसतं बसायचं होतं." तिने टोपी डोळ्यांवर ओढली.

कडकराव तिच्यासमोर उकिडवे बसले.  तेवढ्यात रिक्षावाला ओरडला, "बस गेली असेल आता! मीटर चालू ठेवू का?" त्यावर टेम्पोचा ड्रायव्हर रिक्षावाल्यावर ओरडला, आणि पाहुणे दोघांवर ओरडले. या गदारोळात पाहुण्यांच्या बाई दोनदा शिंकल्या. बायकोने डोळे पुसले आणि ती उठून उभी राहिली. दारात आलेली बाई शिंकतेय आणि आपण रडत बसायचं, हे काही तिला जमणारं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही आत या आधी. ही शाल तर ओलीच आहे तुमची!"

"आमच्याकडे सगळंच ओलं आहे हो," बाई म्हणाल्या. "कुठे वाळत टाकू?"

"पोरी, यांना गच्ची दाखव."

मुलगी त्यांना वर घेऊन गेली. पाचदहा मिनिटं झाली, बाई खाली येईनात. बायको चहा घेऊन वर गेली. तीही खाली येईना.

इकडे खाली दोन लाँड्रीवाले समोरासमोर उरले. पाहुण्यांचा चेहरा पार उतरला होता. "काम गेलं माझं," ते म्हणाले. "मॅनेजर काही ठेवत नाही आता."

कडकरावांनी चादरीचं एक टोक हातात घेऊन चुरगळलं. धंद्यातल्या माणसाचा हात तो, ओलं कापड दिसल्यावर गप्प बसेना. आणि शिवाय फुशारकी आपणच मारली होती. "चला, उचला," ते म्हणाले. "पाचशे नाही, पण दोऱ्या मोकळ्या आहेत आज. ऊनही चांगलं आहे. मावतील तेवढ्या टाकू."

पाहुण्यांना हत्तीचं बळ आलं. दोघांनी एकेक गाठोडं खांद्यावर घेतलं आणि जिना चढायला लागले. कडकराव पुढे होते. वरच्या पायरीवर पोचले आणि तिथेच उभे राहिले.

गच्ची कधी एवढी मोठी दिसली नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं पिवळंधमक ऊन. मधोमध दोन खुर्च्या. एकीवर पाहुण्यांच्या बाई तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. दुसरीवर बायको. केस मोकळे सोडलेले, पाय समोरच्या बादलीवर ठेवलेले, डोळे मिटलेले, हात मांडीवर उताणे. ते हात कोरडे होते. लग्न झाल्यापासून थंडीच्या दिवसांत तिचे हात कोरडे बघितल्याचं कडकरावांना आठवेना. आणि चेहरा! हिचा चेहरा असा आहे होय, असं त्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

"टाकू?" मागून पाहुण्यांनी धापा टाकत विचारलं.

"थांबा."

"काय झालं?"

"जागा नाही."

"जागा नाही?" पाहुण्यांनी त्यांच्या काखेखालून डोकं घालून रिकाम्या दोऱ्या बघितल्या. मग खुर्च्या बघितल्या. मग स्वतःची बायको बघितली. बराच वेळ बघितली. "हो की," ते हळूच म्हणाले. "भरलीय गच्ची."

दोघे गाठोड्यांसकट पाय न वाजवता खाली उतरले. दुकानाचं शटर अर्धं उघडलं, दोन इस्त्र्या तापवल्या आणि ओल्या चादरी इस्त्रीनेच वाळवायला बसले. लाँड्रीच्या धंद्यात याच्याइतकं मूर्खपणाचं काम नाही. वाफेने दोघांचे चष्मे धुरकट झाले, अंगातून घाम निथळायला लागला. सुट्टीच्या पहिल्या दिवशी कडकराव रोजच्या दुप्पट राबले. मधूनमधून मुलगी वरून येऊन बातमी द्यायची, "आई झोपली." मग, "आई उठली." मग, "आई खुर्ची उन्हात सरकवायला सांगतेय." प्रत्येक वेळी कडकराव इस्त्री ठेवून धावत वर जायचे, खुर्च्या सरकवायचे आणि आपली सावली कुणावर पडू नये म्हणून वाकून परत यायचे.

दुपारपर्यंत पन्नाससाठ चादरींच्या परीटघड्या लागल्या. पाहुणे त्या बघून खूश झाले. आजची वेळ भागण्यापुरत्या झाल्या होत्या. त्यांनी तसं कळवायला हॉटेलला फोन लावला आणि फोन कानाला लावताच त्यांचा चेहरा पडला.

"मॅनेजर विचारतोय," त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "तिकडे एवढं वाळतंय तर आणखी दोन टेम्पो पाठवू का? टॉवेलही आहेत म्हणतो. दर वाढवून देतोय. तिथल्या माणसालाच विचारतो म्हणतो, ऊन कसं आहे."

कडकराव त्या वेळी खुर्च्या सरकवायला जिन्यात पोचले होते. पाहुणे मागोमाग पायरीशी आले, तसा त्यांनी पाहुण्यांच्या हातातून फोन घेतला. वर बघितलं. जिन्याच्या तोंडाशी उन्हाचा एक लख्ख चौकोन पडला होता आणि त्यात बायकोच्या पायाची सावली हलत होती. आयुष्यभर या माणसाने कुणाहीपुढे आपल्या उन्हाला नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"ऊन?" ते फोनमध्ये खणखणीत आवाजात म्हणाले. "कुठलं ऊन, साहेब? अंधारून आलंय नुसतं. काही वाळत नाही आमच्याकडे. आठवडाभर तरी नाही!"

 मग गच्चीवरून, झोपेने जड झालेल्या आवाजात बायको म्हणाली,

"अहो, महिनाभर सांगा!"